आईवर न जाणारं रोप

महाबळेश्वर, पाचगणी, भिलार या डोंगरपट्ट्यात स्ट्रॉबेरी लावून कितीतरी पिढ्या झाल्या. इंग्रजांनी थंड हवेच्या ठिकाणी आणलेलं हे फळ इथल्या तांबड्या मातीत असं रुजलं, की २०१० साली त्याला महाबळेश्वरच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं. पण या साऱ्या शिवारात स्ट्रॉबेरीचं बी पेरायची रीत नाही. परदेशातून मातृरोपं येतात. शेतकरी त्यांना ‘मदर प्लांट’च म्हणतात. डोंगरमाथ्यावरचा पाऊस त्यांना सोसत नाही, म्हणून खाली वाईच्या बाजूला रोपवाटिकांमध्ये ती वाढवतात. तिथं त्यांना लांब, बारीक रनर फुटतात, रनरला नवं रोप धरतं, ते पिशवीत रुजवायचं आणि त्यालाही पुढं रनर फुटू द्यायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ही रोपं गादीवाफ्यांवर, मल्चिंगच्या कागदाला पाडलेल्या भोकांत जातात आणि थंडी पडू लागली की फळांच्या पेट्या पसरणीचा घाट उतरू लागतात.

रनरमधून आलेलं रोप हे आईच असतं. तेच पान, तीच चव, पिकण्याचा तोच काळ. एका एकरातल्या हजारो रोपांनी एकाच वेळी, एकाच आकाराचं, एकाच गोडीचं फळ द्यावं, ही बाजाराची गरज रनर पुरी करतो. बी ती पुरी करू शकत नाही.

तरीही स्ट्रॉबेरी हातात घेतली की नजर त्या दाण्यांवर जाते. इतर फळं आपलं बी गरात दडवतात, हे फळ ते अंगावर मिरवतं. एका चांगल्या फळावर दोनशेच्या आसपास दाणे असतात. ते पेरून पाहावेत असं लहान मुलांना वाटतं, गच्चीवर बाग करणाऱ्यांना वाटतं, आणि विचारलं तर ओळखीतलं कुणीतरी सांगतं की, स्ट्रॉबेरी बियांपासून होत नाही. हे खरं नाही. बी उगवतं, रोप वाढतं, फळही धरतं. फक्त ते रोप आईवर जात नाही. घरी बीपासून स्ट्रॉबेरी करण्यातली सगळी अडचण याच एका गोष्टीत आहे आणि सगळं मोलही.

आधी त्या दाण्याबद्दल. आपण ज्याला बी म्हणतो, ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं स्वतंत्र फळ आहे. पातळ, कडक कवच आणि आत एकच बी. ज्याला आपण फळ म्हणतो तो लाल, रसाळ भाग म्हणजे फुलाच्या देठाचं फुगलेलं टोक, पुष्पासन. १९५० साली जाँ-पियर नित्श या शास्त्रज्ञानं एक साधा, सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे सगळे दाणे त्यानं काढून टाकले, तर फळ फुगलंच नाही. काही दाणे ठेवले, तर फक्त त्यांच्या आजूबाजूचा भाग वाढला. दाणे काढून त्या जागी ऑक्सिन या संप्रेरकाचा लेप दिला, तर फळ पुन्हा वाढू लागलं. म्हणजे सगळा गोडवा त्या टोचऱ्या दाण्यांच्या हुकमावर तयार होतो. गच्चीवरच्या कुंडीत वेडंवाकडं, एका बाजूनं दबलेलं फळ येतं त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच: त्या बाजूच्या स्त्रीकेसरांवर पराग पोचलेला नसतो, तिथला दाणा भरत नाही, आणि गरही वाढत नाही. उंच इमारतीवर मधमाश्या फिरकत नसतील तर मऊ कुंचला फुलातून हलके गोल फिरवावा, फळ सरळ येतं.

बी काढायला पूर्ण पिकलेलं, किंचित जास्तच पिकलेलं फळ लागतं. धारदार सुरीनं दाण्यांसकट अगदी पातळ साल काढून ती कागदावर वाळवायची आणि मग बोटांनी चोळायची, की दाणे सुटे होतात. फळ पाण्यात कुस्करून गाळण्यावर धुतलं तरी चालतं. भरलेले दाणे तळाशी बसतात, पोचट वर तरंगतात. हे दाणे इतके हलके असतात, की एका ग्रॅममध्ये हजाराहून जास्त मावतात. पंख्याखाली वाळवायला ठेवले तर नंतर शोधत बसावं लागतं.

पुढची पायरी बहुतेकांच्या हातून सुटते आणि तिथंच ‘उगवत नाही’ या समजुतीचा उगम आहे. स्ट्रॉबेरीच्या रानटी पूर्वजांचं बी उन्हाळ्यात जमिनीवर पडतं आणि पुढं हिवाळा असतो. लगेच उगवलं तर कोवळं रोप थंडीत मरेल. म्हणून बी झोपून राहतं आणि ओल्या थंडीचे काही आठवडे सोसल्यानंतरच जागं होतं. आपल्याकडं हा हिवाळा फ्रिजमध्ये करावा लागतो. ओलसर टिश्यू पेपरमध्ये बी गुंडाळून, झिपच्या पिशवीत घालून, तीन-चार आठवडे खालच्या कप्प्यात ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात नाही. निसर्गात याच्या जोडीला पक्षीही असतात: ते फळ खातात, दाणा त्यांच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडतो आणि आईपासून दूर कुठंतरी रुजतो. प्रयोगशाळांमध्ये कवच मऊ करण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल वापरतात. घरी त्याच्या वाटेला जाऊ नये, फ्रिज पुरतो.

पेरताना हात आपोआप माती ओढायला जातो, तो आवरायचा. या बीला उजेड लागतो. चाळलेलं कोकोपीट आणि गांडूळखत ट्रेमध्ये सपाट दाबून, ओलं करून, वर बी नुसतं भुरभुरायचं आणि बोटानं हलकं टेकवायचं. झारीनं पाणी घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जाईल, म्हणून ट्रे पाण्याच्या ताटात ठेवून खालून पाणी शोषू द्यायचं. वर पारदर्शक झाकण, त्याला चार भोकं, आणि थेट ऊन लागणार नाही पण भरपूर उजेड येईल अशी जागा. तापमान २० अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. त्यानंतर वाट पाहायची. मेथी तिसऱ्या दिवशी दिसते, टोमॅटो आठवड्यात. स्ट्रॉबेरीचं बी दोन आठवड्यांपासून सहा आठवड्यांपर्यंत केव्हाही उगवतं आणि सगळं एकदम उगवत नाही. आज एक, चार दिवसांनी दोन, मग बराच काळ काहीच नाही. महिना झाला म्हणून ट्रे रिकामा करणाऱ्यांनी उगवू घातलेली रोपं फेकून दिलेली असतात.

उगवलेलं रोप पाहायला चष्मा लागतो. दोन बीजपत्रं, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. या वयात त्याचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी: संध्याकाळी ठीक दिसलेली रोपं सकाळी बुडाशी काळी पडून कोलमडलेली असतात. झाकण रोज थोडा वेळ उघडून वारा खेळू देणं, वरून पाणी न घालणं आणि दाट पेरणी टाळणं, एवढंच हातात असतं. बीजपत्रांनंतर पहिलं खरं पान येतं, आणि ते पाहून अनेकजण गोंधळतात, कारण स्ट्रॉबेरीचं म्हणून ओळखीचं असलेलं तीन पर्णिकांचं पान ते नसतं. ते एकच, गोलसर, दातेरी कडांचं असतं. तीन पर्णिका काही पानांनंतर दिसतात.

याच एकेरी पानापाशी अठराव्या शतकातला एक फ्रेंच मुलगा थांबला होता. आंत्वान निकोला द्युशेन व्हर्सायला राहायचा, वनस्पतींचं वेड होतं आणि वय विशीच्याही खाली. साध्या रानस्ट्रॉबेरीच्या बियांमधून आलेल्या रोपांत त्याला एक असं रोप दिसलं, की ज्याचं एकेरी पान कधी तिहेरी झालंच नाही. फुलं आली, फळं आली, पान मात्र एकेरीच. त्याचं बी पेरलं तर पुढची पिढीही एकेरी पानांची निघाली. ज्या काळात प्रत्येक जात देवानं एकदाच घडवून ठेवली आहे असं विद्वान मानत होते, त्या काळात या मुलाच्या वाफ्यात जन्मदाखल्यासह एक नवा प्रकार उभा होता. १७६६ साली द्युशेननं स्ट्रॉबेरीवर एक अख्खा ग्रंथ लिहिला आणि तिच्या प्रकारांची वंशावळ मांडली. उत्क्रांतीवरचा डार्विनचा ग्रंथ त्यानंतर ९३ वर्षांनी आला. बी पेरून रोपांकडं नीट पाहत बसणं किती दूर नेऊ शकतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण क्वचित सापडेल.

आज बाजारात मिळते ती मोठी स्ट्रॉबेरी मात्र ही रानस्ट्रॉबेरी नाही. तिचा जन्म एका समुद्रप्रवासामुळं झाला. अमेदे फ्रांस्वा फ्रेझिए या फ्रेंच लष्करी अभियंत्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश किल्ल्यांची पाहणी करायला पाठवलं होतं. चिलीच्या कोन्सेप्सिओन परिसरात त्यानं तिथले मूळ रहिवासी मापुचे लोक पिढ्यान्‌पिढ्या लावत आलेली मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी पाहिली. १७१४ मध्ये तो परतला तेव्हा सहा महिन्यांच्या प्रवासात, पिण्याच्या पाण्याची टंचाई असताना, त्यानं पाच रोपं जगवली होती. पाण्यावर ज्याचा ताबा होता त्याला दोन द्यावी लागली, बाकीची पॅरिसच्या राजोद्यानात, ब्रेस्टला आणि त्याच्या स्वतःकडं गेली. रोपं फोफावली, फुलली, पण फळ धरेना. चिलीची ही जात नर आणि मादी रोपं वेगळी ठेवते, आणि फ्रेझिएनं चांगली फळं देणारी रोपं निवडताना सगळी मादीच निवडली होती.

पराग दुसरीकडून यायला हवा होता. तो उत्तर अमेरिकेतून आधीच युरोपात आलेल्या व्हर्जिनियाच्या लहान, सुवासिक स्ट्रॉबेरीनं दिला. ब्रिटनीत, प्लुगास्तेलच्या बाजूला शेतकरी चिलीच्या ओळींच्या मधेमधे दुसऱ्या जातीची रोपं लावू लागले, तसं फळ भरघोस धरू लागलं. नर-मादीचा हा उलगडा द्युशेननंच केला, आणि १७६४ मध्ये स्वतः परागसिंचन करून मिळवलेली फळं पंधराव्या लुईला नजर केली. दोन अमेरिकी जाती हजारो मैलांवर, परक्या मातीत भेटल्या. त्यांच्या संकरातून पडलेलं बी कुठंतरी रुजलं, आणि आजची स्ट्रॉबेरी तयार झाली. ते बी रुजलं नसतं, तर कितीही रनर कामाला लावले असते तरी ही स्ट्रॉबेरी मिळाली नसती.

आता आईवर न जाण्याचं कारण सांगता येतं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, रानस्ट्रॉबेरीतही दोनच, एकूण १४ गुणसूत्रं. या संकरित स्ट्रॉबेरीत आठ संच, एकूण ५६. बी धरताना हे सगळे गुण पत्ते पिसावेत तसे पुन्हा पिसले जातात, आणि प्रत्येक दाण्याच्या वाट्याला वेगळा हात येतो. एका फळावरच्या दोनशे दाण्यांतून दोनशे भावंडं, एकाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. हा गुंता इतका मोठा आहे, की रानस्ट्रॉबेरीचा जनुकीय आराखडा २०११ च्या सुमारास हाती आला, तरी शेतातल्या स्ट्रॉबेरीचा सविस्तर आराखडा प्रसिद्ध व्हायला २०१९ उजाडलं. त्यासाठी निवडलेला वाण होता कॅमारोझा, महाबळेश्वरच्या शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचा.

बाजारातल्या फळातून काढलेल्या बियांबद्दल आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी. शेतात दूरवर एकाच वाणाची रोपं असतात, त्यामुळं बी बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाचं असतं. अशा जवळच्या नात्यातून काही रोपं खुरटी, अशक्त निघतात. ती निघणारच. वीस रोपं वाढवली तर त्यातली पाच-सहा जोमदार असतात, आणि आपला जीव त्यांत लावावा.

जगातले सगळे नामांकित वाण अशाच वाफ्यांतून आले आहेत. लंडनजवळच्या आयझलवर्थमध्ये मायकेल कीन्स हा बाजारासाठी भाजी-फळं पिकवणारा माळी होता. त्यानं बियांपासून वाढवलेल्या रोपांतून निवडलेल्या एका वाणानं १८२१ च्या सुमारास इंग्लंडमधल्या बागायतदारांना थक्क केलं. ‘कीन्स सीडलिंग’ या नावानं तो ओळखला गेला आणि पुढच्या कितीतरी वाणांचा पूर्वज ठरला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रॉइस ब्रिंगहर्स्टनी युटातल्या वॉसॅच पर्वतातून रानटी स्ट्रॉबेरी आणली. तिचं फळ किरकोळ होतं, पण दिवस लहान असो वा मोठा, ती फुलत राहायची. शेतातल्या वाणांशी तिचा संकर, त्या संकराचा पुन्हा शेतातल्या वाणांशी संकर, दर पिढीला बी, दर पिढीला निवड. असं वर्षानुवर्षं चाललं, आणि त्यातून दिवसाच्या लांबीला न जुमानणारे वाण आले. १९८० च्या दशकातला सेल्वा हा त्यांपैकीच एक, महाबळेश्वरच्या वाफ्यांतही लागलेला. फ्लोरिडा विद्यापीठातला स्वीट चार्ली, तिथलाच विंटर डॉन: रनरनं कोटींच्या संख्येत वाढलेली ही सगळी नावं कधीतरी एकेकट्या दाण्यातून उगवली होती. तज्ज्ञ दरवर्षी हजारो रोपं बीपासून वाढवतात, चाखतात आणि जवळजवळ सगळी उपटून टाकतात.

ज्यांना ही अनिश्चितता नको, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. युरोपातली रानस्ट्रॉबेरी, विशेषतः तिचा ‘अल्पाइन’ म्हणून ओळखला जाणारा सदाबहार प्रकार, बीपासून आईसारखाच येतो. त्याला रनर सहसा फुटत नाहीत, म्हणून बागकाम करणारे तो शतकानुशतकं बीपासूनच वाढवत आले. फळ नखाएवढं, पण त्याचा वास आला की मोठ्या फळाची आठवण राहत नाही. अलेक्झांड्रिया, र्‍यूगन, बारोन सोलेमाखर असे वाण बियांच्या पाकिटांतून मिळतात. आणि आता मोठ्या स्ट्रॉबेरीतही बियांचे खात्रीशीर संकरित वाण येऊ लागले आहेत. नेदरलँड्समधल्या एबीझेड सीड्स या कंपनीच्या ‘डेलिझ’ला २०१६ मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा मान मिळाला, आणि हा मान मिळवणारी ती पहिलीच स्ट्रॉबेरी. जपानमध्ये तीन प्रांतांच्या आणि एका राष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राच्या सहकार्यातून ‘योत्सुबोशी’ हा बियांचा वाण तयार झाला. त्यामागं शेतकऱ्यांच्या हिताचा विचार आहे: रनरमधून आईचे विषाणू आणि बुरशीचे रोग थेट रोपात उतरतात, बीमधून बहुतांशी उतरत नाहीत.

खरेदी करताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. ऑनलाइन बाजारात निळ्या स्ट्रॉबेरीचं बी विकलं जातं, चित्रासकट. निळी स्ट्रॉबेरी जगात कुठंही नाही. अशा पाकिटाला पैसे देणाऱ्या, आणि मुलांसोबत कुंडीपाशी आशेनं बसणाऱ्या माणसाची ही उघड फसवणूक आहे. ती थांबायला हवी.

महाराष्ट्रात बी पेरायला उत्तम काळ म्हणजे भाद्रपदाच्या आसपास. आधीच्या फेब्रुवारी-मार्चमधल्या फळांचं बी कोरडं करून बाटलीत ठेवलेलं असावं, ऑगस्टमध्ये ते ओल्या कागदात घालून फ्रिजमध्ये जावं आणि सप्टेंबरमध्ये ट्रेवर यावं. तीन-चार पानांचं रोप छोट्या कुंडीत, मग मोठ्या. लावताना जिथून पानं फुटतात तो मधला गाभा मातीच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर रोप कुजतं, आणि मुळं उघडी पडली तर सुकतं. पुणे, नाशिक, साताऱ्यात थंडीच्या रात्री रोपाला मानवतात. कोकणात आणि मुंबईत हिवाळा तोकडा असल्यामुळं फुलं कमी येतात, तिथं अल्पाइन प्रकारालाही सावलीचा कोपरा शोधावा लागतो. पहिल्याच हिवाळ्यात एखादं रोप फुलतं, बाकीची बहुधा पुढच्या वर्षाची वाट पाहायला लावतात. मधे वैशाख आहे, शेडनेटखाली आणि दोन वेळच्या पाण्यावर काढायचा. आणि मग पावसाळा, ज्यात कुंडी छपराखाली सरकवली नाही तर गाभ्यात पाणी साचून आठवड्याभरात खेळ आटोपतो.

फळं येऊ लागली की प्रत्येक रोपाचं वेगळं चाखावं आणि कुंडीवर खूण करावी. एखाद्याचं आंबट निघेल, एखाद्याचं पाणचट, एखाद्याचं आत पांढरंफटक. एखादं असं निघेल की घरातलं माणूस ‘हे कुठून आणलं?’ म्हणून विचारेल. त्या रोपाला उन्हाळ्यात रनर फुटले, की फुलांचा मोह सोडून ते वाढू द्यावेत, शेजारच्या कुंडीतल्या मातीत टेकवून केसांच्या पिनेनं अडकवावेत. महिन्याभरात मुळं धरतात, मग जोडणारा दांडा कापायचा. एवढं झालं की तो वाण त्या घरचा झाला, आणि शेजाऱ्यांना द्यायला दुसरं रोपही तयार असतं. बाकीच्या कुंड्या रिकाम्या करून त्यांत पुन्हा कोकोपीट भरायचं. फ्रिजमध्ये नवं बी ठेवायची वेळ ऑगस्टमध्ये येतेच.